नुसता फ्लॅश

उर्वीने तिसऱ्यांदा फोटो काढला आणि तिसऱ्यांदा गणपती गायब झाला. हॉलच्या दारात, रांगोळीच्या मधोमध ठेवलेली चांगली हातभर उंचीची मूर्ती. डोळ्यांनी बघावी तर जागच्या जागी, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता पांढरा डाग. एकदा सोंड दिसल्यासारखी वाटली, तर ती झेंडूची माळ निघाली.

"काय कटकट आहे यार," ती पुटपुटली आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसलेल्या त्या धुडाकडे तिने रागाने बघितलं.

फ्लॅश विश्राममामाचा होता. मामाने रोलच्या जमान्यात डोंबिवलीतली निम्मी लग्नं काढलेली. उर्वीचा स्वतःचा नवा फ्लॅश काल शहाडला एका साखरपुड्यात स्टुलावरून पडला आणि त्याचा पायच मोडला. म्हणून आज सकाळी ठाण्याला निघण्याआधी ती मामाच्या दारात. मामाने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून हे काढलं, चार पेन्सिल सेल घातले, आतून कुंईऽऽ असा बारीक आवाज आला, आणि मामाच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की जसा काही नातू पहिला शब्द बोलला.

"माझा कॅमेरा जळणार नाही ना?" उर्वीने विचारलेलं.

"तपासलाय मी. फक्त ह्याला तुझ्या नव्या फ्लॅशसारखं वागवू नकोस. त्याला सगळं आपोआप कळतं, ह्याला काही कळत नाही. किती उजेड पाहिजे ते तू ठरवायचं. आणि मागे हा लाल दिवा आहे ना, तो लागल्याशिवाय मारायचा नाही. घाई केलीस की फोटो काळा."

इथे तर काळ्याच्या ऐवजी सगळं पांढरंच होत होतं. शेवटी तिने कॅमेऱ्यावरचं ऑटो बंद केलं, फ्लॅशच्या तोंडावर स्वतःचा पांढरा रुमाल रबराने बांधला, लाल दिवा लागेपर्यंत देवाचं नाव घेत थांबली आणि चौथा फोटो काढला. गणपती आला. थोडा पिवळा आला, पण सोंडेसकट आला.

"हा विश्रामचा ना गं?"

मागे आसावरी काकू उभ्या होत्या. नवरीची आई. अंगावर मोरपंखी पैठणी, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात हॉलच्या खोल्यांच्या किल्ल्या, आणि खांद्यावर बँकेत जाताना असते तीच पर्स.

"हो काकू. तुम्ही कसा ओळखलात?"

"अगं, ह्यानेच तर आमचं लग्न काढलंय. निम्मं तरी. रोल संपत आला की तुझा मामा नुसता फ्लॅश मारायचा. हसा, इकडे बघा, लख्ख! लोक खूश आणि रोल शाबूत. माझ्या तीन चुलतसासवा अल्बममध्ये नाहीत. अजून ऐकवतात मला."

उर्वी खो खो हसली. मामाने हे तिला कितीदा सांगितलेलं. स्टेजवरची रांग संपायची नाही, आणि फोटो नाही काढला तर माणूस आयुष्यभर रुसायचं. त्यापेक्षा कॅमेऱ्याचं बटण सोडून फ्लॅशवरचं टेस्टचं बारीक बटण दाबायचं. लखकन उजेड पडला की माणूस समाधानाने जेवायला जायचं. ह्यात आपण कोणाला फसवतोय असं मामाला कधी वाटलं नाही.

काकू मात्र हसत नव्हत्या. त्यांनी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या, परत बाहेर काढल्या.

"आज क्षिप्राचे बाबा येणारेत. साताऱ्याहून. पत्रिका पाठवलेली मी, येतील असं वाटलं नव्हतं. ते स्टेजवर आले की तू तेच कर."

"तेच म्हणजे?"

"नुसता फ्लॅश मार. फोटो नको."

क्षिप्रा सातवीत असताना तिचे बाबा घर सोडून गेले आणि साताऱ्यात त्यांनी दुसरा संसार मांडला, एवढं उर्वीला माहीत होतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला अशा गोष्टी आधी कानावर घालतात, म्हणजे कोणाला कोणाशेजारी उभं करायचं ते चुकत नाही. पण हे असलं काही तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"काकू, आता रोल कुठे असतो? मी काढते, आणि नंतर डिलीट करते. सिंपल."

"काढूच नको. डिलीट केलेलं परत येतं."

"आणि व्हिडिओवाला?"

"त्याला तेव्हा जेवायला पाठवते."

"मोबाईल तर सगळ्यांकडेच आहेत."

"मोबाईलमधले फोटो मोबाईलमध्येच मरतात. अल्बम तू करणारेस."

"पण मग फ्लॅश तरी कशाला मारायचा?"

काकूंनी पदर उगाच खांद्यावर सारखा केला. "चार माणसांत त्यांचा अपमान नको. दिपेशच्या घरचे बघतायत. आणि क्षिप्राकडे आत्ता हा विषय काढू नकोस. मुहूर्त शांतपणे होऊ दे."

त्या गेल्या, आणि उर्वी तिथेच डोकं धरून उभी राहिली. पत्रिका पाठवायची, स्टेजवर बोलवायचं, मान राखायचा, आणि फोटो तेवढा काढायचा नाही. हा मान की अपमान? तिला काही उलगडेना. आणि क्षिप्राला ह्यातलं काहीच माहीत नाही म्हणजे कमालच! लग्न कोणाचं आहे?

तेवढ्यात तिच्याशेजारी एक गृहस्थ येऊन थांबले. सडपातळ, डोक्यावर विरळ पांढरे केस. शर्ट नवा होता, कारण पाकिटातल्या घडीच्या रेषा छातीवर तशाच होत्या. हातात पेढ्यांचा पुडा.

"ताई, फोटो तुम्हीच काढताय ना?"

"हो."

"नवरा-नवरीबरोबर फोटोला कधी जायचं असतं? म्हणजे आधी जवळचे जातात, का कसं? मला काय माहीत नाही आता."

"लग्न लागल्यावर. तुम्ही कोणाकडचे, काका?"

त्यांनी पुडा ह्या हातातून त्या हातात घेतला. "मुलीचा बाप," ते म्हणाले आणि स्वतःच जरा गडबडले. "जगन नाव माझं. नाही, काय आहे, माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे. शाळेचा, सातवीच्या वर्गाचा. त्यात तोंड नखाएवढं. मोठी झाल्यावरचा एक पाहिजे होता. माझ्यासोबतचा. आज मिळाला तर बरं, नाहीतर मग कुठे भेटायचो आम्ही."

"सांगते मी तुम्हाला," एवढं म्हणून उर्वी सरळ आत पळाली.

पुढचा सगळा वेळ तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मंगलाष्टकं चालू असताना तिने दोनदा दिवा न बघता फोटो मारला आणि अंतरपाटाचा एक फोटो काळाकुट्ट आला. कन्यादान क्षिप्राच्या मामा-मामींनी केलं. जगनकाका शेवटून दुसऱ्या रांगेत बसलेले. अक्षता टाकताना ते उठून उभे राहिले, पण तिथून त्या स्टेजपर्यंत पोचणार नव्हत्याच. समोरच्या बाईंच्या अंबाड्यावर पडल्या. त्या बाईंनी मागे वळून बघितलं आणि ते "माफ करा हां" म्हणाले. उर्वीला आसावरी काकूंचा इतका राग आला की तिने बराच वेळ कॅमेरा त्यांच्याकडे वळवलाच नाही.

माणसं जेवायला उठायला लागली आणि स्टेजपुढची रांग ओसरली. काकूंनी व्हिडिओवाल्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला जवळजवळ ढकलतच जेवणाच्या हॉलकडे नेलं. परत आल्या आणि स्टेजच्या कोपऱ्यात, फुलांच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मग मागच्या रांगेकडे बघून त्यांनी मान हलवली.

जगनकाका आले. पायऱ्या चढताना त्यांनी चप्पल काढली. दिपेशने वाकून नमस्कार केला. पोरगा गुणी होता. क्षिप्राही वाकली. त्यांनी पेढ्यांचा पुडा कुठे ठेवायचा म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी तो काखेत धरला. तेवढ्यात दिपेशला त्याच्या काकांनी खालून हाक मारली, तो एक मिनिट म्हणून उतरला, आणि स्टेजवर बापलेक दोघंच राहिली.

"उर्वी," क्षिप्रा म्हणाली, "घे ना फोटो."

उर्वीने कॅमेरा उचलला. टेस्टचं बटण फ्लॅशच्या मागच्या बाजूला, लाल दिव्याच्या शेजारी होतं, एवढंसं. डोळा कॅमेऱ्याला लावून ते बोटाला सापडेना. म्हणून तिने कॅमेरा तोंडासमोर थोडा खाली धरला, हल्ली पडद्यात बघून काढतात तसा, आणि नजर दिव्यावर ठेवली. खरं तर त्या माणसाच्या तोंडाकडे बघायची तिला हिंमतच होत नव्हती.

"रेडी," ती म्हणाली.

दिवा लागला. तिने अंगठ्याने बटण दाबलं. लखकन उजेड पडला.

जगनकाका पायरीकडे वळायला लागले, तशी क्षिप्रा म्हणाली, "अजून एक."

सकाळपासून सेल दमले होते. आतून कुंईऽऽ आवाज सुरू झाला, बारीक होत गेला, आणि दिवा काही लागेना. स्टेजवर दोघं न हलता उभे. खालून ताटांचे आवाज येत होते. कोणीतरी मठ्ठा संपला म्हणून ओरडत होतं. उर्वी दिव्याकडे डोळे लावून उभी, आणि तिच्या मनात एकच घोळत होतं, की ही बिचारी अजून एक मागतेय आणि इथे एकही नाहीये. दिवा लागला. तिने दाबलं.

"अजून एक, उर्वी."

ह्या वेळी तर त्याहून वेळ लागला. उजव्या हाताचं बोट कॅमेऱ्याच्या खऱ्या बटणावर होतं. दाबावं का? कोणाला कळणार होतं? पण खांबाजवळ काकू उभ्या होत्या, पर्स पोटाशी धरून, आणि पैसे त्या देणार होत्या, आणि शब्द उर्वीने दिला नसला तरी नाहीही म्हटलेलं नव्हतं. बोट तिथेच राहिलं. दिवा लागला. अंगठ्याने बटण दाबलं.

"झाले?" जगनकाकांनी विचारलं.

"झाले," क्षिप्रा म्हणाली.

त्यांनी पुडा तिच्या हातात दिला, तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला, मुंडावळ्या विस्कटतील म्हणून परत घेतला, आणि पायऱ्या उतरून चप्पल शोधायला लागले.

नवरा-नवरीची पंगत सगळ्यात शेवटी बसली. ताटाभोवती रांगोळी, उदबत्त्या, एकमेकांना घास, त्याआधी उखाणे. उर्वीने ते सगळं नीट काढलं. आता तिला त्या फ्लॅशची सवय झाली होती. मग दिपेश मित्रांच्या टेबलाकडे गेला आणि क्षिप्रा एकटीच श्रीखंडात पुरी बुडवत बसली. उर्वी तिच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली. तिला हे पोटात ठेवून ठाण्याहून डोंबिवलीला जाणं शक्य नव्हतं.

"क्षिप्रा, ऐक ना. चिडू नकोस. तुझ्या बाबांबरोबरचे फोटो, ते तीन... आलेले नाहीयेत. म्हणजे मी काढलेच नाहीत. मला सांगितलेलं की..."

"माहितेय."

"काय?"

"मीच सांगितलेलं आईला, तुला सांग म्हणून. आईचं तर उलट चाललेलं. असू दे एखादा, काही झालं तरी बाप आहे. मी म्हटलं, नको."

उर्वी गपकन जमिनीवरच बसली. सकाळपासून जिच्यावर ती मनातल्या मनात दात ओठ खात होती ती बाई समोरच वऱ्हाडाला जिलबीचा आग्रह करत फिरत होती.

"पण का?"

"अगं, अल्बम काय आपण एकदा बघतो का? कोणी आलं की काढायचा. दहा वर्षांनी कोणी बघेल आणि म्हणेल, अरे वा, बाबा होते की. मग वाटणार की बारावीला पण होते, आईचं ऑपरेशन झालं तेव्हा पण होते. फोटोत माणूस आलं की मागचं कोणी विचारत नाही." तिने पुरीचा तुकडा ताटात ठेवून दिला. "नाही आवडणार मला ते."

"मग अजून एक, अजून एक का म्हणत होतीस? मला वाटलं तुला माहीतच नाही. मी तिकडे अर्धी मेले."

क्षिप्रा थोडं हसली.

"तुझा तो दिवा लागायला वेळ लागत होता ना. तेवढा वेळ ते थांबत होते. म्हटलं, थांबू देत."

उर्वीला पटलं की नाही, तिचं तिलाच कळेना. म्हणजे नको, आणि हवंही. सकाळी आईचं कोडं पडलेलं, आता मुलीचं. ती उठणार तेवढ्यात क्षिप्राने तिचा हात धरला.

"ते कुठे बघत होते गं?"

"कोण?"

"बाबा. मला मान वळवता येईना. मी समोरच बघत राहिले. कॅमेऱ्याकडे बघत होते, की माझ्याकडे?"

उर्वीने आठवायचा प्रयत्न केला. शर्टावरच्या घडीच्या रेषा आठवल्या. काखेतला पुडा आठवला. चेहरा आठवेना. आठवणार कुठून? ती सगळा वेळ त्या लाल दिव्याकडे बघत होती. क्षिप्रा मात्र तिच्याकडे बघत होती, मुंडावळ्यांच्या आडून, शाळेतल्या पोरीने निकाल विचारावा तशी.

"तुझ्याकडे," उर्वी म्हणाली.

"तिन्ही वेळा?"

"हो."

क्षिप्राने मान खाली घातली. मग तिचे खांदे हलले आणि ती रडायलाच लागली, भर पंगतीत, नवीन सासरच्या माणसांसमोर, श्रीखंडाच्या ताटावर. "मग एक काढायचास ना गं," ती म्हणाली. "माझं काय ऐकत बसलीस? एक तरी काढायचास!"

उर्वी धावली. जेवणाच्या हॉलमध्ये जगनकाका नव्हते. वर खुर्च्या रिकाम्या होत्या. कॅमेरा छातीवर आपटत ती जिना उतरली आणि गेटवर आली. ते बाहेर बाळकुमच्या रस्त्यावर उन्हात उभे होते. त्यांनी हात केलेली रिक्षा वळून त्यांच्यासमोर थांबत होती.

"काका! वर चला ना. एक फोटो राहिलाय."

"राहिलाय? तीन झाले की."

"अजून एक. क्षिप्रा म्हणतेय."

त्यांनी मान वर करून हॉलच्या खिडक्यांकडे बघितलं. चेहरा खुलला त्यांचा. पण मग त्यांनी मान हलवली.

"नको. पोरगी जेवायला बसलीय, तिला उठवू नका. आणि माझी खोपटच्या एसटी स्टँडवरून गाडी आहे, ती चुकली की रात्र होते. ती म्हणाली, ह्यातच आलं. मला एकच पाहिजे होता, तिने तीन काढायला लावले."

ते रिक्षात बसले. उर्वीने रिक्षाच्या दांड्याला हात धरला. खरं सांगावं, की पाया पडावं, की ओढून वर न्यावं? आणि तोंडातून भलतंच निघालं.

"काका, फोटो काढताना तुम्ही कुठे बघत होतात?"

"कुठे म्हणजे? ह्याच्याकडे." त्यांनी फ्लॅशकडे बोट केलं. "माझे डोळे मिटतात हो फोटोत. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत उघडे नाहीत, सगळे हसायचे. म्हणून म्हटलं, आज काही झालं तरी नजर हलवायची नाही. तिच्याकडे बघावं असं लई वाटत होतं, एवढी जवळ उभी होती. पण म्हटलं, ते काय, फोटोत बघता येईल की सावकाश."

रिक्षावाल्याने मीटर टाकला.

"क्षिप्राच्या आईकडे माझा नंबर आहे. घाई नाही, तुमच्या सवडीने पाठवा." रिक्षा हलली तसे ते बाहेर वाकले. "ताई, तुम्ही बघितले असतील ना? डोळे उघडे आलेत का माझे?"

"तिन्हीत," उर्वी म्हणाली.